मेलेल्या कोंबड्याची सात पिल्लं

१

टोपलीवरचं फडकं जगदेव काळबांडेंनी बाजूला केलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आत सात पिल्लं होती. दोन तांबडी, तीन करडी, दोन ठिपक्यांची. पांढरं औषधालाही नव्हतं. वर त्यातल्या चौघांच्या मानेवर लवच नव्हती. नुकतीच न्हाव्याच्या खुर्चीवरून उठल्यासारख्या उघड्या गुलाबी माना ताणून ती चिवचिवत होती.

"चंदाबाई, हे काय वो?"

"पिल्लं हायेत, डायवरसायेब. बारा अंड्यातली सात निंगाली. पाच पाणी झाली, थे दाखवाले आणली." चंदाबाईनं मागे उभ्या असलेल्या आपल्या पोरीकडे, मंजूकडे बोट केलं. मंजूच्या हातात मडकं होतं.

"मी सिल्कीची अंडी देल्ली होती तुले. कापसावानी पांढऱ्या कोंबड्यायची. अन् तू मले गावरान पिल्लं आणून देऊन राह्यली? अंडी बदलली तुनं!"

आता हे डायव्हरसाहेब कोण, ते सांगायला हवं. मालेगाव-वाशीम रस्त्यावर एकतीस वर्षं एसटी हाकून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणी भजनात रमतं, कोणी ग्रामपंचायतीत नाक खुपसतं. जगदेवरावांना नाद लागला सिल्की कोंबड्यांचा. अकोल्याच्या एका शौकिनाकडून त्यांनी एक कोंबडा आणि तीन कोंबड्या आणल्या, तेही एसटीनं, टोपली मांडीवर घेऊन. कोंबड्याचं नाव सरदार ठेवलं. जात मोठी देखणी. पिसं पिंजलेल्या कापसासारखी, डोक्यावर डोळे झाकणारा झुपका, आत कातडी काळीकुट्ट, कानाची पाळी निळी, पायांवरही पिसं आणि चाराच्या जागी पाच बोटं. गावात कोंबडी खायला पाळतात. बघायला पाळणारा माणूस गावानं पहिल्यांदाच पाहिला होता, त्यामुळे वर्षभर करमणुकीला तोटा नव्हता.

सिल्की एकदा खुडूक बसली की दीड-दोन महिने अंडं देत नाही. म्हणून जगदेवरावांनी अंडी जमवून तांड्यावरच्या चंदाबाईकडे दिली, तिच्या गावरान कोंबडीखाली बसवायला. ठराव नेहमीचाच, वाट्याचा. निघतील त्यातली निम्मी पिल्लं मालकाची, निम्मी बसवणारीची. आणि न उबलेली अंडी फेकायची नाहीत, मालकाला दाखवायची, म्हणजे कोणाच्या मनात किंतु राहत नाही. इथे तर किंतूनं अंगणात घरच बांधलं होतं.

"बदलाले माया घरी कोंबडे तरी हायेत का बोडक्या मानेचे?" चंदाबाईचा आवाज चढला. "आमच्या तांड्यात एक नाई."

"तांड्यात नाई, पण माया शेजारच्या ग्यानबाकडं होता ना! ही सारी त्याचीच औलाद हाये, आंधळ्यालेबी दिसन. नेऊन टाक ती. अन् आयक, दसऱ्यानंतर मंजूले इथं ठेवायचं बोललो होतो ना, थे बी मोडलं. चोराची पोट्टी माया घरात नको."

मंजूच्या हातातलं मडकं हललं, पण तिनं ते पडू दिलं नाही.

दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी ऊसतोडीचा ट्रक तांड्यावर येणार होता. चंदाबाई आणि तिचा नवरा बाबूसिंग सहा महिन्यांसाठी खाली घाटाकडे जाणार. मंजू यंदा दहावीला. ती जगदेवरावांकडे राहून शाळा करणार, असं आषाढापासून ठरलेलं. आता ते मोडलं म्हणजे पोरीच्या हातातलं पुस्तक जाऊन कोयता येणार होता.

हे सगळं अंगणातल्या खुराड्याच्या जाळीपाशी उभी राहून एक बाई ऐकत होती. खांद्याला बर्फाचा डबा, हातात वही. ती गावची पशुसखी, सुकेशनी.

२

पशुसखीचं काम म्हणजे दारोदार फिरून शेळ्या-कोंबड्यांना लस देणं. गावातलं कुठलं पोर कोणत्या इयत्तेत आहे ते सुकेशनीला एखादवेळी सांगता येणार नाही, पण कोणाच्या खुराड्यात किती नग आणि कोणत्या रंगाचे, ते झोपेतही सांगेल. ती स्वतः दहावी नापास होऊन पुढे बाहेरून पास झालेली. मंजूचा पडलेला चेहरा तिला स्वतःचाच वाटला.

चंदाबाई टोपली उचलून निघून गेल्यावर ती म्हणाली, "काका, दसऱ्यापावतर थांबा. मले पाहू द्या."

"काय पायतं त्याच्यात? पांढऱ्याची पांढरी होतात."

"मंग माया पाहण्यानं तुमचं काय बिघडते?"

जगदेवरावांनी काळा चष्मा नाकावर सरकवला. पोळ्याच्या आठवड्यात वाशीमला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि चष्मा अजून उतरला नव्हता. "पाय बापा," ते म्हणाले. "तुया हात कोणी धरला?"

सुकेशनी खुराड्यात शिरली. खुराडं कसलं, बंगलाच तो. खाली सिमेंट, वर पत्रा, चहूबाजूंनी बारीक जाळी, दाराला कुलूप. सरदार कोपऱ्यात ऐटीत उभा होता. त्याच्या मागची पिसं इतकी दाट की शेपूट कुठे संपते आणि बूड कुठे सुरू होतं ते कळू नये. आषाढात सुकेशनीनं या पिसांना कात्री लावायला सांगितलं होतं, कोंबडा-कोंबडी दोघांच्याही. जगदेवराव तेव्हा तिचा हात धरायला धावले होते. "शान जाईन त्याची!" असं म्हणून त्यांनी कात्रीच लपवली होती.

तिनं एक कोंबडी उचलली. पायपिसांच्या टोकांना हिरवा डाग होता.

"काका, हे काय?"

"गवताचं असीन."

सुकेशनीनं नखानं खरवडलं. डाग गेला नाही. आणि खाली तर सिमेंट होतं, गवताची काडी नव्हती. तिनं वहीत 'हिरवा डाग' एवढंच लिहिलं.

"अंडी कवाची होती?"

"सतरा तारखेपासून सव्वीसपावतर. पोळा चौदाले झाला, पंधराले कर, मी सोळाले संध्याकाळी वाशीमवरून आलो. दुसऱ्या दिवसापासून मी सोता अंडी उचलली अन् हरेक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख लिवली. सव्विसाले गणेश घेऊन गेला तांड्यावर."

"तुमी नव्हते तवा कुलूप कोणी उघडलं?"

उत्तर घरातून आलं. रंगूबाई, जगदेवरावांच्या पत्नी, दारात सुपात डाळ पाखडत बसल्या होत्या. "दाण्यापाण्यापुरतं मीच उघडत होतो वं बाई," त्या म्हणाल्या आणि सुपात मान घातली. डाळीत एकही खडा नव्हता, तरी त्या वेचतच राहिल्या.

३

पहिला संशय गणेशवर जायचा तो गेलाच. गणेश म्हणजे जगदेवरावांचा पुतण्या. दिवसा शेती आणि संध्याकाळी मालेगावच्या स्टँडजवळ अंडाभुर्जीची गाडी. बारा अंडी त्याच्या हातात आणि गाडीवर अंड्यांचे ट्रे. माणसानं आणखी काय पुरावा मागावा?

सुकेशनी गेली तेव्हा तो कांदा चिरत होता.

"ताई, मी इतका येडा हाओ का?" तो म्हणाला. "काकाची अंडी म्हंजे देवाचा परसाद. भुशात बसवून नेली, फटफटी वीसच्या वर चालवली नाई. मांगून ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजून राह्यले होते."

"वाटेत थांबला?"

"नाई. अन् गाडीवरची अंडी कंपनीची असतात. त्याच्यातनं पिल्लू निंगत नाई, बसवा वर्षभर."

हे खरंच होतं. भुर्जीच्या अंड्यांना कोंबड्याचं तोंडच ठाऊक नसतं. गणेश सुटला. चांगल्या बैलजोडीचा मालक आणि सरळ मनाचा माणूस. त्याचे बैल जगदेवरावांच्याच गोठ्यात बांधलेले असत.

दुसरा ग्यानबा. जगदेवरावांच्या अंगणाला लागून त्याचं घर. गावात बोडक्या मानेचा कोंबडा एकट्या त्याच्याकडे होता. लालभडक उघडी मान, तांबडं अंग आणि भांडखोर स्वभाव. तो रोज सिल्कीच्या जाळीपाशी येऊन बांग द्यायचा आणि जगदेवराव त्याच्यावर चप्पल भिरकावायचे. त्यावरून दोन शेजाऱ्यांचं श्रावणात वाजलंही होतं. सूड म्हणून ग्यानबानंच चंदाबाईला आपली अंडी दिली असतील, असं अर्धं गाव बोलत होतं.

"मी अंडी देल्ली?" ग्यानबा हसता हसता खाली बसला. "सुकेशनीबाई, माया दोन्ही कोंबड्या भादव्यात खुडूक होत्या. अंडं देल्लं कोणी? मी?"

वहीत तशी नोंद होती. लस द्यायला गेली तेव्हा दोघी टोपल्याखाली फुगून बसलेल्या, तिनं स्वतः पाहिल्या होत्या.

"अन् तुमचा बोडका कुठं हाये? दिसत नाई."

ग्यानबाचा चेहरा एकदम भाविक झाला. "तो गेला न बाई. करीच्या दिवशी. पोळ्यात बैलाचा मान, करीले पावण्याचा मान. चार पावणे होते, रस्सा असा झालता का बस!"

सुकेशनी अंगणातून बाहेर पडली आणि रस्त्यातच थांबली. कर पंधरा तारखेला. पहिलं अंडं सतरा तारखेचं. पिल्लांच्या माना सांगत होत्या की बाप बोडकाच आहे. आणि बाप तर पहिलं अंडं पडायच्या दोन दिवस आधीच पातेल्यात गेला होता.

४

चार दिवस सुकेशनीची वही पुढे सरकली नाही. खंडेनवमीला ती तांड्यावर गेली. पिल्लांना सहा-सात दिवस झाले की मानमोडीची लस द्यावी लागते, डोळ्यात एक थेंब. मग पिल्लं चोरीची असोत की सावाची.

चंदाबाई गाठोडी बांधत होती. पातेली, गोधड्या, दोन कोयते. तिसरा कोयता भिंतीला टेकून ठेवलेला होता, नवा, लहान मुठीचा. मंजू उंबऱ्यात बसून पुस्तक वाचत होती आणि त्या कोयत्याकडे मुद्दाम बघत नव्हती.

"याडी म्हणते, वाचून काय करतं आता," मंजू म्हणाली. याडी म्हणजे आई.

"वाच तू," सुकेशनी म्हणाली. "चंदाबाई, थे मडकं फेकलं तर नाई?"

"फेकू कशी? मालकानं पायलं नाई अजून. वास मारून राह्यलं, तरी ठेवलं."

चंदाबाईची ही खोड म्हणा, सचोटी म्हणा. तिनं न उबलेली पाच अंडी तर ठेवली होतीच, पण उबलेल्यांची टरफलंही एका वाटीत जपली होती. सुकेशनीनं नाकाला पदर लावून सगळी जमिनीवर मांडली. प्रत्येकावर जगदेवरावांच्या हातची पेन्सिल होती. एसटीच्या लॉगशीटवर एकतीस वर्षं गिरवलेले तेच तिरके आकडे. अंडी बदललीच नव्हती.

"मंजू, वाच तारखा."

"टरफलं सतरा, अठरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. अन् पाणी झालेली तेवीस, चोवीस, पंचवीस, पंचवीस, सव्वीस."

सुकेशनीनं परत वाचायला लावलं. मग स्वतः वाचलं.

"चंदाबाई, तुमी इतक्या वर्षापासून कोंबड्या बसवता. शिळं अंडं आधी वाया जाते का ताजं?"

"शिळं. पोट्टंबी सांगन."

"अन् इथं?"

चंदाबाई वाकली, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "उलटंच झालं वो बाई! शिळी फुटली अन् ताजी पाणी झाली."

कोणी अंडी बदलली असती तर वाया जाणारी कुठलीही गेली असती. इथे बाविसाव्या तारखेनंतर जणू कोणी नळच बंद केला होता. कोंबड्यांच्या पोटात काहीतरी होतं आणि ते बावीसला संपलं. सुकेशनीला वाशीमच्या प्रशिक्षणातलं काहीतरी आठवत होतं, अर्धवट, जिभेच्या टोकावर.

तिनं लसीची बाटली उघडली, एक बोडकं पिल्लू डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळ्यात थेंब टाकला. पिल्लानं घाबरून तिची करंगळी घट्ट धरली. तिला ती पकड वेगळी लागली. तिनं पिल्लू उलटं केलं आणि पाय उजेडात धरला.

मग दुसरं उचललं. मग तिसरं. सातही पाहून झाली तेव्हा तिनं बाटलीला बूच लावलं.

"मंजू," ती म्हणाली, "तो लहान कोयता उचलून माळ्यावर टाक."

५

गावात परत आली तेव्हा खंडेनवमीची पूजा चालू होती. गणेशनं नांगर, विळे, कुदळ मांडून वर झेंडू वाहिला होता. बैल गोठ्यात रवंथ करत होते. पोळ्याला रंगवलेल्या त्यांच्या शिंगांवरचा ऑइलपेंट अजून तसाच होता. हिरवागार.

सुकेशनी मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली. रंगूबाई एकट्याच होत्या.

"काकू, पोळ्याले बैलाची शिंगं कुठं रंगवली होती?"

"अंगणात. काहून?"

"अन् सिल्क्या कुठं होत्या तवा?"

रंगूबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली. सुकेशनीनंच पुढे होऊन ती उलटली.

"डब्याचा रंग सांडला असीन," ती हळू म्हणाली. "एकीच्या पायाले लागला. सिमेंटच्या खुराड्यात हिरवा रंग कुठून येते, काकू?"

रंगूबाई खाली बसल्या. आधी वाटलं रागावतील, पण त्या रडायला लागल्या.

"रोज सोडत होतो मी त्यायले. हे वाशीमले होते ते सात दिवस. दुपारच्याले घंटाभर. मातीत लोळत होत्या वं त्या, पंख पसरून उन्हात पडत होत्या. एकतीस वर्षं हे गाडीवर फिरले अन् मी या चार भिंतीत राह्यलो. जाळीतून पाह्यणारी कोंबडी पाह्यली का मले काय होते, थे कोणाले सांगू? यायले सांगितलं असतं तं घर डोक्यावर घेतलं असतं."

"अन् ग्यानबाचा बोडका?"

"येत होता मेला. मी हाकलत होतो. पोळ्याच्या दिवशी पुरणात हात होते, तवा ध्यान नाई राह्यलं." त्यांनी डोळे पुसले. "पण तो तं करीले मेला ना! अंडी त्याच्या नंतरची. चंदाबाईवर आळ आला तवा मी मनात हजारदा मोजलं. दिवस जुळले असते तं मी बोललो असतो, तुया गळ्याची आण. मेलेल्या कोंबड्याची पिल्लं कशी होतीन?"

चूक इथेच होती, आणि ती एकट्या रंगूबाईंची नव्हती. दिवस सगळ्यांनीच मोजले होते आणि सगळ्यांनीच बरोबर मोजले होते.

"उद्या सकाळी सांगतो," सुकेशनी म्हणाली. "पण काकू, सोडल्याचं तुमालेच सांगा लागन. तुमच्या तोंडानं."

६

दसऱ्याच्या सकाळी जगदेवरावांच्या अंगणात चंदाबाई, बाबूसिंग, मंजू, गणेश आणि ग्यानबा जमले. ग्यानबाला कोणी बोलावलं नव्हतं, पण त्याच्या कोंबड्याचा विषय होता, तो कसा राहील? मधोमध टोपली आणि मडकं होतं. सुकेशनीला संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं, म्हणून ती सरळ मुद्द्यावर आली.

"काका, तुमाले पिल्लायच्या माना दिसल्या. माना बापाच्या हायेत, मान्य. आता एक पिल्लू हातात घ्या अन् पाय पाहा."

"मले इतकं बारीक दिसत नाई अजून."

"मंग बोटानं मोजा."

जगदेवरावांनी पिल्लू घेतलं. एकतीस वर्षं गिअरवर राहिलेला तो राकट अंगठा काडीएवढ्या पायावरून हळूहळू फिरला. एक, दोन, तीन, चार. अंगठा थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"पाच," ते पुटपुटले. "पाच बोटं हायेत."

"सातीयलेबी. ग्यानबाभाऊ, तुमच्या कोंबड्यायले किती?"

"चार. साऱ्या गावच्या कोंबड्यायले चारच असतात."

"म्हंजे माय सिल्कीच हाये. अंडी तुमचीच होती काका, तारखाबी तुमच्याच हातच्या. चंदाबाईनं एक अंडंसुद्धा इकडचं तिकडं नाई केलं."

"पण बाप?" गणेश म्हणाला. "बोडका तं करीलेच..."

"आता काकू सांगतीन."

रंगूबाई उठल्या. पदर सारखा केला, नवऱ्याकडे न बघता सगळं सांगितलं, अगदी मातीत लोळण्यापर्यंत.

"कोंबडीची एक गोष्ट आपल्याले कोणालेच ध्यानात नाई राह्यली," सुकेशनी म्हणाली. "मलेबी नाई. काल रात्री प्रशिक्षणाची वही उघडली तवा सापडली. कोंबड्याचं बीज कोंबडी पोटात साठवून ठेवते. एकदा भेट झाली का आठवडाभर पक्कं, कधीकधी दोन-तीन आठवडेबी. बोडका पंधराले मेला, पण त्याचं बीज सिल्क्यायच्या पोटात जितं होतं. बाविसापावतर पुरलं अन् संपलं. म्हणून शिळी फुटली अन् ताजी पाणी झाली. मालकाले दाखवाले चंदाबाईनं थे मडकं नाकाले पदर लावून सांभाळलं, म्हणून हे समजलं. तुमी तं त्याच्यात पायलंबी नाई."

जगदेवरावांनी हातातलं पिल्लू टोपलीत परत ठेवलं.

"एक राह्यलं," जगदेवराव सावकाश म्हणाले. "सोळापासून सरदार तं त्यायच्या संगंच होता. तेविसाची, चोविसाची अंडी त्याची काहून नाई झाली?"

सुकेशनीनं पिशवीतून कात्री काढून खाटेवर ठेवली. आषाढातली गोष्ट जगदेवरावांना आठवली असावी, कारण ते कानापर्यंत लाल झाले. दोन्हीकडून इतकी दाट पिसं, बिचाऱ्या सरदाराचा संसार होणार कसा? आखूड पिसांच्या बोडक्याला निम्मीच अडचण होती. एका शानेपायी कोंबडा बिनकामाचा झाला, कोंबड्यांनी शेजार गाठला आणि चोर ठरली ती पाच मैलांत सगळ्यात प्रामाणिक असलेली बाई.

ग्यानबा खिदळायला लागला होता, पण जगदेवरावांना उठताना पाहून गप्प झाला. ते चंदाबाईसमोर गेले. डोळ्यावरचा काळा चष्मा काढला. डॉक्टरनं काढू नका म्हटलं होतं, तरी काढला.

"चंदाबाई, मायं चुकलं. एकतीस वर्षांत मी गाडी कोणाच्या अंगावर घातली नाई, अन् तुया अंगावर घातली. मंजू इथंच राहीन. हे घर तिचं हाये."

चंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती काही बोलायच्या आत मंजूच पुढे झाली.

"मी अशी नाई राहणार," ती म्हणाली. मान वर होती. "काल चोराची पोट्टी, आज उपकाराची. मले दोन्ही नको. मी वाट्यानं राहीन. ही सात पिल्लं मी पाळतो. निम्मी तुमची, निम्मी आमची."

"सातात निम्मी कशी करतं वं?" ग्यानबानं विचारलं.

"सातवं काकूचं. त्याले कुलूप नाई लावायचं."

रंगूबाईंनी मंजूला जवळ ओढलं. जगदेवरावांनी बायकोकडे पाहिलं. मग कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "रोज सोडत जा," ते म्हणाले. "फकस्त रंगाचा डबा दूर ठेव." मग टोपलीकडे बघून त्यांनी सुस्कारा टाकला. "पण सिल्की तं गेलीच. यायच्या अंगावर थे रेशीम काई येणार नाई."

"गेली नाई," मंजू म्हणाली. "आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाये. रेशीम दबलेलं असते, मरत नाई. ही मोठी झाली, यायच्यातच अंडी झाली, का चारात एक पिल्लू रेशमाचं निंगन. काय सांगता, रेशमाचं अन् बोडक्या मानेचंबी निंगन!"

"मार्चले अंडी देतीन ही," सुकेशनी म्हणाली.

"मार्चले मायी परीक्षा. अन् एप्रिलात याडी येते."

"मी येईन तवाच बसवजा," चंदाबाई ठासून म्हणाली. "माया कोंबडीखाली. दुसऱ्या कोणाले देजा नको."

"दुसरं हाये कोण?" जगदेवराव म्हणाले. त्यांनी कात्री उचलली, सुकेशनीच्या हातात दिली आणि सरदाराला स्वतः धरून बसले. पहिली पिसं खाली पडली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा सरदार त्यांना तितकासा वाईट दिसला नाही.

दोन दिवसांनी ट्रक आला. तांड्याचा रस्ता अरुंद, ट्रक वळेना. तेव्हा जगदेवरावच मागे उभे राहिले आणि पत्र्यावर थाप मारत, "येऊ दे, येऊ दे," करत त्यांनी तो बाहेर काढून दिला. गाठोड्यांच्या ढिगावर चंदाबाई बसली होती. खाली रंगूबाईंचा हात धरून मंजू उभी होती. मायलेकींपैकी कोणीच रडायचं नाही असं ठरलं होतं आणि दोघीही रडत होत्या.

ट्रक फाट्याला लागला तशी चंदाबाई उभी राहिली आणि साऱ्या तांड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "मंजू, अभ्यास करजो! अन् हरेक पिल्लाची बोटं मोजजो!"

"मोजतो!" मंजूच्या आधी जगदेवरावांनीच ओरडून सांगितलं.